चौथ्या कप्प्याचा राजा

शिरीष दातारने लाल मखमलीची डबी उघडली तेव्हा आत लक्ष्मी बसलेली होती. एरवी लक्ष्मी दिसली की माणसाला बरं वाटतं. शिरीषने मखमल उचकटून खालीही पाहिलं. त्याला त्या डबीत एक राजा हवा होता.

"मेधा, इथे अशा दोन डब्या होत्या ना?"

"होत्या. एक नागोयाला सौमित्रच्या मुलीच्या बारशाला दिली." मेधा बाहेरून म्हणाली. ती शिरीषचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरत होती. शुक्रवारी त्याचं मुंबईचं विमान होतं.

"दिली म्हणजे... आत बघून दिलीस का?"

"त्यात काय बघायचं? सांगलीहून आणलेली चांदीची नाणी ती. सगळ्यांत लक्ष्मीच असते."

टोकियोजवळच्या इचिकावातल्या मराठी घरांत कपाटाचा एक खण अहेराचा असतो. कुणाचं बारसं, कुणाचं नवं घर, कुणाची नागोयाला बदली. ऐन वेळी धावाधाव नको म्हणून भारतातून येतानाच ब्लाउजपीस, अत्तराच्या कुप्या आणि सराफाकडची चांदीची नाणी आणून ठेवायची. मेधाच्या खणात शेवटच्या दोन डब्या उरल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी शिरीषने त्यांतल्या एका डबीतली लक्ष्मी काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि तिच्या जागी मखमल जरा रेटून आपला राजा, म्हणजे एक जुनं परदेशी नाणं, बसवला. राजा प्लास्टिकच्या पाकिटातून आला होता आणि बाबांच्या हातात प्लास्टिकचं पाकीट द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. हे सगळं त्याने बायकोला सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सांगितलं असतं तर तिने किंमत विचारली असती.

त्याने आता सगळं सांगितलं. मेधाने किंमत विचारली. त्याने सांगितली. इस्त्री तशीच शर्टावर राहिली आणि शर्टाच्या खिशावर एक तपकिरी त्रिकोण उमटला.

"शिरीष, अरे तू बँकेत काम करतोस ना?"

"बाबांसाठी घेतलं गं," शिरीष म्हणाला, आणि मेधाने इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

बाबा म्हणजे नीलकंठ दातार, सांगलीतल्या एका शाळेचे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात इटलीचं एकीकरण शिकवताना त्यांनी फळ्यावर 'दोन सिसिलींचं राज्य' असं लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, नकाशात तर सिसिली एकच आहे." बाबांनी नकाशा पाहिला. खरोखरच एकच होती. "उद्या सांगतो," असं म्हणून ते घरी आले आणि त्या उद्यातून पुन्हा कधी पुरते बाहेर पडलेच नाहीत. जुन्या काळी समुद्राअलीकडच्या नेपल्सलाही सिसिलीच म्हणत, हे उत्तर त्यांना आठ दिवसांत मिळालं; पण तोवर ते त्या राज्याच्या प्रेमात पडले होते. ते राज्य जेमतेम पंचेचाळीस वर्षं टिकलं. राजे चार झाले. त्या घराण्यात नावांची टंचाई असावी, कारण चारांपैकी दोन फर्डिनांड आणि दोन फ्रान्सिस. चौघांनीही आपापल्या तोंडाची, पियास्त्रे नावाची, चांदीची मोठी नाणी पाडली. पगारातून, दिवाळीच्या बोनसमधून, एकदा तर स्कूटर विकून बाबांनी तीन राजे मिळवले. अल्बमच्या पानावर चार कप्पे होते, चौथा रिकामा. तो फ्रान्सिस दुसऱ्याचा, शेवटच्या राजाचा. बिचारा जेमतेम पावणेदोन वर्षं गादीवर बसला आणि राज्य गेलं, त्यामुळे त्याची नाणीही कमी.

शिरीष नऊ वर्षांपूर्वी टोकियोत आला तेव्हापासून त्या चौथ्या राजाचा शोध त्याच्याकडे आला. दर रविवारी तिकडच्या साडेअकराला तो सांगलीला फोन करी. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "बसतोय आता." मग दोघंही गप्प होत. बापलेकांचं तसं कधी फारसं बोलणं नव्हतंच. शिरीषची आई होती तोवर ती मध्ये बसून दोघांचं बोलत असे. थोडा वेळ असा गेला की बाबा विचारत, "लागला का काही पत्ता?" आणि मग वीस-पंचवीस मिनिटं कशी जात ते कळत नसे. कुठल्या दुकानात विचारलं, दुकानदार काय म्हणाला, दाखवलेलं नाणं खोटं का वाटलं. अखेर तीन आठवड्यांपूर्वी टोकियोतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने त्याला आत बोलावून तो राजा समोर ठेवला. शिरीषने बाबांना फोनवर सांगितलं नाही. हातात द्यायचं ठरवलं. आणि गेल्या आठवड्यात सांगलीहून थोरल्या बहिणीचा, शैलजाताईचा, फोन आला की बाबांचं हृदय थकलं आहे, डॉक्टर दिवसांच्या हिशेबात बोलू लागले आहेत.

"मग आत्ताच्या आत्ता सौमित्रला फोन कर आणि माग," मेधा म्हणाली.

"बारशाला दिलेली वस्तू परत मागायची? तान्ह्या मुलीकडून?"

"चुकून दिली म्हणावं."

"आणि त्याच्या जपानी बायकोला काय वाटेल? ही माणसं अहेर देतात आणि दोन आठवड्यांनी वसुलीला येतात?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुरिअरवाला भल्यामोठ्या खोक्याला मिठी मारून उभा होता. खोकं नागोयाहून आलं होतं. आत प्रत्येकी वेगळ्या पेटीत झोपवलेली दोन महागडी खरबुजं होती, चहाचे चार डबे होते आणि काळ्या लाखेच्या, सोनेरी वेलबुट्टीच्या एका डब्यात मिठाई होती. वर सौमित्रच्या बायकोने, हारुकाने, सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली होती: 'आपल्या अमूल्य भेटीपुढे हे काहीच नाही. उरलेलं क्रमाक्रमाने पाठवते.'

"उरलेलं?" मेधा म्हणाली. "अगं बाई, दहा ग्रॅमच्या नाण्याला हे?" आणि मग तिच्या लक्षात आलं की ते नाणं दहा ग्रॅमचं नव्हतं.

शिरीष खुर्चीत बसला. जपानात बाळाच्या अहेराची परतफेड करावी लागते. निम्म्या किमतीची, महिन्याभरात. रीतच आहे. आणि निम्मी किंमत पाठवायची तर पुरी किंमत माहीत हवी. हारुकासारखी काटेकोर बाई अंदाजाने निम्मं करणार नाही. ती नाणं घेऊन दुकानदाराकडे गेली असणार आणि त्याने आकडा सांगितला असणार.

"बिचारीला धसका बसला असेल," मेधा म्हणाली. "आणि हा डबा तर परत करायला हवा. एवढा महागाचा आहे."

"मग कर."

"रिकामा कसा करू?"

इथून गोष्ट हाताबाहेर गेली. मेधाच्या माहेरी काय किंवा सासरी काय, कुणाचा डबा कधी रिकामा परत गेलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, तिने लाखेच्या डब्यात बेसनाचे लाडू आणि चकल्या भरून तो नागोयाला रवाना केला. हारुकाच्या माहेरी आलेली भेट परतफेडीविना कधी राहिलेली नव्हती. मंगळवारी नागोयाहून त्याच डब्यात तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आल्या आणि सोबत आंघोळीच्या पंच्यांचा संच. मेधाने डब्यात शंकरपाळे भरले. त्यांची दहा वर्षांची मुलगी जुई खरबूज खाता खाता हे सगळं पाहत होती. ती इंग्रजीत म्हणाली की हे कधी थांबणार नाही. मेधाने तिला मराठीत गप्प बसायला सांगितलं.

दरम्यान सोमवारी दुपारी शिरीषने बँकेच्या जिन्यात उभं राहून सौमित्रला फोन लावला. सौमित्र मिरजेचा, शिरीषपेक्षा आठ वर्षांनी लहान, नागोयात एका मोटार कंपनीत इंजिनियर.

"सौमित्र, अरे एवढं कशाला पाठवलंत?"

"कमीच आहे दादा ते. तू... तू रागावला नाहीस ना?"

"मी कशाला रागावू? उलट मी आता जे बोलणार आहे त्यावर तूच रागावशील."

"नाही रे दादा. पण त्याआधी मी जरा बोलू का?"

"बोल ना."

"नको, आधी तू बोल."

"नको, तू बोल."

पलीकडे सौमित्रने दीर्घ श्वास घेतलेला ऐकू आला.

"वहिनी बऱ्या आहेत?" तो म्हणाला.

"बऱ्या आहेत. बाळ?"

"मस्त."

"वा. काकूंना नमस्कार सांग."

"सांगतो."

दोघांनीही हायसं वाटून फोन ठेवला आणि पुढच्याच क्षणी दोघांनीही आपापल्या शहरात कपाळाला हात लावला.

त्याच संध्याकाळी सांगलीहून शैलजाताईचा फोन आला. बाबांना सांभाळायला ती गेली दोन वर्षं आपलं घर सोडून तिथेच राहिली होती.

"शिरीष, उद्याचं विमान मिळतंय का बघ की रे. बाबांनी आज दोन घासांच्या वर खाल्लं नाही."

"ताई, शुक्रवारीच येतो. इथे एक काम उरलंय. बाबांचंच आहे."

"ते नाण्याचं का?" ताईने विचारलं. "अरे, ते राहू दे. नाही मिळालं तरी चालेल. तू ये."

"रिकाम्या हाताने येऊ?"

"हो रे बाबा, रिकाम्या हाताने ये," ताई म्हणाली. तिचा आवाज का चढला ते शिरीषला कळलं नाही.

त्या रात्री त्याने विमान कंपनीचं पान उघडलं. मंगळवारी जागा होत्या. तो बराच वेळ त्या जागांकडे बघत बसला. बाबा आपल्या येण्याआधी गेले तर, हा विचार त्याला दर थोड्या वेळाने येई आणि प्रत्येक वेळी तो स्वतःला सांगे की नुसतं जाऊन आपण करणार काय. पलंगाशी बसू, "जेवलात?" म्हणू, आणि मग? हातात ते नाणं नसेल तर बाबांच्या शेजारी बसायची त्याला भीती वाटत होती. हे त्याने मेधालाही सांगितलं नाही. त्याने पान मिटलं.

बुधवारी त्याने रजा टाकली. साहेब म्हणाले, "दातार-सान, रजा शुक्रवारपासून ना?" शिरीषने नागोयाला एका बाळाला बघायला जायचं आहे म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीला त्याने नमस्कार केला, लाल डबी तिच्यातल्या लक्ष्मीसकट बॅगेत टाकली आणि शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली. मेधाने निघताना हातात शंकरपाळ्यांचा लाखेचा डबा दिला.

नागोयाच्या घरी दार पद्मिनीकाकूंनी उघडलं. सौमित्रची आई सुनेच्या बाळंतपणाला मिरजेहून आली होती. मागून हारुका आली आणि कमरेत इतकी वाकली की शिरीषलाही वाकावं लागलं. ती सरळ व्हायला तयार नव्हती, त्यामुळे तोही होईना.

"उठा आता दोघंही," काकू म्हणाल्या. "बाळ झोपलंय, बघायचं तर बघून घ्या."

खोलीत लाकडी पाळणा होता. पाळण्यावर काळ्या गोफात, छताच्या दिव्याखाली चमकत, दोन सिसिलींचा शेवटचा राजा लटकत होता. मान ताठ, नजर सरळ. त्याच्या डोक्याच्या वर, नाण्याच्या काठाशी बरोबर मध्यभागी, एक गोल भोक होतं.

शिरीष पाळण्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. चाळीस वर्षं, स्कूटर, नऊ वर्षांचे रविवार, सगळं त्या भोकातून आरपार गेल्यासारखं त्याला झालं.

"कुणी केलं हे?" त्याने विचारलं.

"मी सांगितलं," काकू म्हणाल्या. "बाळाच्या डोक्यावर चांदी हवी. दृष्ट लागत नाही."

"काकू, ती लक्ष्मी नाही. परदेशचा राजा आहे."

"मग? आपल्याकडे व्हिक्टोरिया राणीचे रुपये काय कमी बांधले लोकांनी पोरांच्या गळ्यात?"

एव्हाना सौमित्र पुढे झाला होता. त्याचा चेहरा पडला होता. "दादा, हेच मला परवा सांगायचं होतं. मी सोनाराकडेच नेणार होतो. पण ऑफिसात बोललो, तर आमच्या टूलरूमचे इशिहारा-सान म्हणाले, बाळासाठी आहे, मी करतो. चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना. त्यांनी आधी ड्रॉइंग काढलं. तीन वॉशरवर ट्रायल घेतली. नाणं वाकडं लटकू नये म्हणून राजाच्या नाकाचं वजनसुद्धा धरलं रे. दोन मिलिमीटर, एका शतांशाचा फरक नाही."

"भोक सुंदर आहे," शिरीष म्हणाला. ते खरंच सुंदर होतं. कुठे चरा नव्हता, कुठे खरबरीत नव्हतं. ते बुजवता येण्याची मात्र कसलीही शक्यता नव्हती.

हारुकाने आतून एक कागद आणला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. दुकानदाराचा अभिप्राय होता. भोकासकट नाण्याला जवळजवळ चांदीचाच भाव होता; भोक नसतं तर जो भाव आला असता तो खाली वेगळा लिहिला होता. "भोक आमच्यामुळे पडलं," ती जपानीत, फार मृदू आवाजात म्हणाली, "म्हणून मी निम्मं या खालच्या आकड्याचं धरलं आहे. मार्चपर्यंत पूर्ण होईल."

शिरीषने तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी बाळंतिणीच्या खोलीत बसून मार्चपर्यंतच्या खरबुजांचं नियोजन करत होती. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मग तो जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बाबांचं आजारपण, चौथा कप्पा, रेटून बसवलेली मखमल, सगळं. अर्धं मराठीत काकूंसाठी, अर्धं जपानीत हारुकासाठी.

ऐकता ऐकता हारुका रडू लागली. काकूंनी काही न बोलता पाळण्यावरचा गोफ सोडला आणि राजा शिरीषच्या तळहातावर ठेवला.

"हे पहिल्या दिवशी बोलला असतास तर?" त्या म्हणाल्या. "माणसं मरायला टेकतात आणि तुम्ही डबे कसले पाठवता एकमेकांना?"

लक्ष्मीला पाळण्यावर बांधावं म्हणून डबी उघडली, तर तिला भोक नव्हतं. इशिहारा-सानना उद्या पुन्हा सांगायचं ठरलं. निघताना हारुकाने लाखेचा डबा शिरीषच्या हातात ठेवला. तो भरलेला होता. शिरीषने मुकाट्याने घेतला.

शुक्रवारचं विमान, मुंबईहून रात्रभर गाडी, आणि शनिवारी सकाळी तो सांगलीला पोचला. बाबा होते. उशांना टेकून बसले होते, अंगावरचा सदरा दोन मापांनी मोठा वाटत होता. बाबांनी डोळे उघडले. "आलास? जेवलास?" सकाळचे आठ वाजले होते.

"हो. तुम्ही?"

"हो."

दोघंही गप्प झाले. शिरीषला ते सहन होईना. त्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि नाणं बाबांच्या हातात ठेवलं. "बाबा, सापडलं."

बाबांनी नाण्याकडे पाहिलं नाही, आधी शिरीषकडे पाहिलं. बाबांचा चेहरा फुलेल, या एका क्षणासाठी शिरीषने मंगळवारचं विमान सोडलं होतं. चेहरा उतरला. एखाद्याने घरातला दिवा मालवावा तसा उतरला. "सापडलं?" ते हळूच म्हणाले. "बरं. बरं झालं." त्यांनी उशाखालचं भिंग काढलं आणि नाणं उजेडाकडे धरलं. काठावरची अक्षरं, राजाची मान, खालचं साल, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. मग भिंग वरच्या काठाशी थांबलं.

"शिरीष, याला भोक आहे."

"बाबा, नाणं अस्सल आहे. भोकाचं असं झालं की..."

"भोक आहे रे!" बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. ते उशांवरून सरळ होऊन बसले. "आरपार आहे. भोक पाडलेलं नाणं संग्रहात धरत नाहीत, एवढं कळू नये? कुठे अडकवलं होतं?"

"एका मुलीच्या पाळण्याला."

"मग परत बांध तिथेच. चौथ्या कप्प्यात हे चालायचं नाही." त्यांनी नाणं त्याच्या हातात परत दिलं आणि आतल्या दिशेला हाक मारली, "शैलजा, जरा भात टाक गं. मऊ टाक."

शिरीष उठून स्वयंपाकघरात आला. ताई तांदूळ धूत होती. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "ताई, मी इतकं करून आणलं, आणि त्यांना भोक दिसलं फक्त."

ताईने तांदळाचं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि फळीवरून साबुदाण्याचा डबा काढला. त्यात हात घालून तिने फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी बाहेर काढली. फडक्यात फ्रान्सिस दुसरा होता. डाग नाही, ओरखडा नाही, भोक नाही.

"हे कधी?" शिरीषने विचारलं.

"तू गेलास त्याच वर्षी. कोल्हापूरचे एक संग्राहक वारले, त्यांच्या घरून घेतलं. अल्बममध्ये ठेवलंसुद्धा होतं. रविवारी मी इथे आले होते, तर तुला सांगायचं म्हणून बाबा सकाळपासून अंघोळ करून बसले होते. आणि तुझा फोन आला, तर तू म्हणालास, बाबा, मी काल एका दुकानात तुमच्या राजाची चौकशी केली. पंचवीस मिनिटं बोललास. तू त्यांच्याशी एवढं कधी बोलला होतास?" ताई खिडकीकडे तोंड करून बोलत होती. "फोन ठेवला आणि नाणं काढून माझ्याकडे दिलं. म्हणाले, हे कुठेतरी टाक, त्याला सांगू नकोस. हे मिळालं म्हटलं तर मग तो बोलेल काय माझ्याशी? मला शपथ घातली होती रे. म्हणून मी म्हणत होते, रिकाम्या हाताने ये."

शिरीषने सिंकचा नळ सोडला, चेहऱ्यावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. नऊ वर्षांत साडेचारशेच्या वर रविवार होतात. त्या प्रत्येक रविवारी बाबांना उत्तर ठाऊक होतं. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग शेगडीवरच्या वरणाच्या कुकरची शिटी झाली आणि तिला जावं लागलं.

भात बाबांनी वाटीभर खाल्ला. ताईने एकदाही आग्रह केला नाही, तरी खाल्ला. खाऊन झाल्यावर त्यांनी शिरीषला जवळ बसवलं. डॉक्टर सकाळीच शिरीषला दाराशी गाठून म्हणाले होते की आता फार तर दहा-बारा दिवस. सप्टेंबर चालू होता.

"एप्रिलच्या शेवटी टोकियोत नाण्यांचा मोठा बाजार भरतो म्हणालास ना तू?"

"भरतो, बाबा."

"मग तिथे बघ. घाई करू नकोस, पहिल्या दिवशी सगळे चढे भाव सांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जा. लिहून घेतोस का?"

शिरीषने बॅगेतून वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. दुसरा दिवस, दुपारनंतर, असं लिहिलं.

"वजन करून घे. साडेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. कमी भरलं तर हात लावू नकोस. काठावरची अक्षरं नखाने चाचपून बघ. आणि दुकानदाराला सांग की वडिलांना विचारून कळवतो. लगेच हो म्हणू नकोस."

"मग?"

"मग मला फोन कर," बाबा म्हणाले. "मी सांगतो घ्यायचं की नाही."

त्यांनी हे सांगताना शिरीषच्या डोळ्यांत पाहिलं नाही, आणि शिरीषनेही वहीतून मान वर केली नाही. 'बाबांना फोन', असं त्याने लिहिलं, आणि पुढे एप्रिलची तारीख घातली.